नाव रोज लिहायचं

तांबोळी साहेबांचा मला आलेला पहिला व्हॉट्सॲप मेसेज मी अजून पुसलेला नाही. तो असा आहे: 'विषय: आपले घरी चहास येणेबाबत. संदर्भ: आपले कालचे दूरध्वनीवरील बोलणे. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार रविवारी सायंकाळी पाच वाजता सपत्नीक येत आहेत. साखर कमी. माहितीस्तव सविनय सादर.' खाली पूर्ण नाव, आणि नावाखाली 'सेवानिवृत्त'.

मी तो नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "याला उत्तर द्यायचं की आधी जावक क्रमांक टाकायचा?" त्याला वाटलं, म्हातारा गमत्या दिसतोय. पण साहेब गंमत करत नव्हते. सगळं आयुष्य पालिकेत काढलेल्या त्या माणसाला विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय पुढचं वाक्यच सुचत नसे. घरीही तेच. जमीलाभाभींनी एकदा त्यांचा मोबाइल मला उघडून दाखवला. साहेबांचा मंडईतून मेसेज: 'विषय: कोथिंबीर खरेदीबाबत. आपले आदेश व्हावेत.' त्याला भाभींचं उत्तर: 'संदर्भ: तुमचा मेसेज. कोथिंबीर आहे. लिंबं आणा. लवकर या.' इतक्या वर्षांच्या संसारात त्याही तरबेज झाल्या होत्या.

लिहायला असे, आणि बोलायला अगदी निराळे. मूळचे चाकणचे. तोंड उघडलं की तो अधोस्वाक्षरीकार कुठल्या कुठे पळून जायचा आणि 'आमी', 'न्हाई', 'हाय' सुरू व्हायचं. बुटकी, घट्ट बांध्याची मूर्ती, उन्हाळ्यातसुद्धा मनगटाची बटणं लावलेला फुलशर्ट, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक हिरवं. हिरव्या शाईचा अधिकार नोकरीबरोबर संपला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे निवृत्तीनंतर त्या पेनाचं टोपण त्यांनी कधी काढलं नाही. पेन मात्र रोज खिशाला असायचंच.

पालिकेत ते कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि क्षेत्रीय अधिकारी होऊन बाहेर पडले. मधल्या काळात पाणी, कचरा, दिवाबत्ती, आरोग्य अशी सगळी खाती त्यांनी पाहिली. पण कुठल्याही खात्यात गेले तरी एक काम त्यांच्यामागे लागलेलंच असे, ते म्हणजे उद्घाटनं. व्यासपीठावर कोण मध्ये बसणार, कुणाला शाल आणि कुणाला नुसता गुच्छ, कोनशिलेवर कुणाचं नाव कुणाच्या वर, हे सगळं त्यांना तोंडपाठ. फीत कापायच्या ऐन वेळी ताटातली कात्री हमखास नाहीशी होते, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी हेरलं आणि तेव्हापासून ऑफिसातली एक कात्री कायम पिशवीत बाळगली. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी विचारलं, साहेब, भेट काय देऊ? साहेब म्हणाले, "काय नको. फक्त ती कात्री परत मागू नका."

निवृत्तीनंतर त्यांनी 'शेजारनिधी' नावाचं प्रतिष्ठान काढलं. कल्पना अगदी साधी होती. काळेवाडीतले दुकानदार आणि गॅरेजवाले, ताथवड्यातल्या सोसायट्या, चाकणच्या कंपन्या, यांच्यापैकी ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यायचं. रिकामी जागा, जुनी कपाटं, आठवड्यातले दोन तास, काहीही. आणि ते जवळच्याच कुणाच्या तरी अडचणीला लावायचं. त्याचे नियम दोनच होते. पहिला म्हणजे देणाऱ्याच्या नावाची पाटी लावायची नाही. आणि दुसरा म्हणजे काहीही द्यायच्या आधी तिथे स्वतः बसून बघायचं.

हे बसून बघणं त्यांनी वडलांकडून घेतलं होतं. वडील चाकणच्या कांदा बाजारात हमाल होते. गोण उचलायच्या आधी ते तिच्यावर क्षणभर बसत. साहेब सांगायचे, "बसलं की कळतं म्हनायचा बाप, आत काय हाय आन किती हाय." मुलाने तेच धोरण सगळ्या शहराला लावलं. बागेत बाकडं द्यायचं ठरलं की साहेब आधी दुकानात जाऊन त्या बाकड्यावर तासभर बसत. दुकानदाराने दिलेला चहा घेत, पेपर वाचत, आणि मग म्हणत, "पाठीला टोचतंय. दुसरं दाखवा." एकदा एका शाळेत पहिलीच्या वर्गात ते दिवसभर बसले होते. दुसऱ्या दिवशी मुलांनी बाईंना विचारलं म्हणे, तो मोठा मुलगा आज का नाही आला?

माझी त्यांची ओळख अर्जातून झाली. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मी एचआरला आहे. मला माणसांची कटकट असते आणि माणसांना माझी. त्या वर्षी आमच्या असेंब्ली लाइनवर रेखा नावाची एक मुलगी होती. लातूरकडची, हात वेगवान, कामात चूक नाही, कायम करायच्या यादीत नाव. आणि अचानक ती गैरहजर राहायला लागली. कारण विचारलं की एकच शब्द सांगायची, घरगुती. मी नियमाप्रमाणे नोटीस तयार केली: पंधरा दिवसांत सुधारणा नाही, तर यादीतून नाव कमी. यादीतून नाव गेलं की महिनाभरात कामही जातं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

नोटीस द्यायला बोलावलं, तर तिनेच माझ्यापुढे एक कागद ठेवला. समास सोडून, रेघ न ओढता सरळ ओळीत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला. 'विषय: दोन वर्षे वयाचे अपत्य सांभाळणेस कोणी नसल्याने कामावर अनुपस्थित राहिलेबाबत. महोदया, सदर अपत्यास शेजारील आजी सांभाळत असत. त्या गावी निघून गेल्या. अर्जदाराचे पती टेम्पो घेऊन परगावी असतात. पहिल्या शिफ्टची बस पहाटे सव्वापाच वाजता येते. त्या वेळी परिसरातील एकही पाळणाघर उघडे नसते, याची अर्जदाराने व लेखकाने समक्ष फिरून खात्री केली आहे. सबब, अपत्य नेमके कोठे ठेवावे, याबाबत आपलेकडून मार्गदर्शन व्हावे.'

मी इतकी वर्षं नोकरी करतेय, पण माझ्याकडे असं मार्गदर्शन कुणी मागितलं नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"बस थांब्यावरच्या साहेबानं," रेखा म्हणाली. "मी पिहूला घिऊन रडत हुबारले होते, तर त्यायनं इचारलं. ते बी आलेत संगं. गेटवर बसलेत सकाळधरनं."

गेटवर फोन केला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, सोडू का त्यांना? पण जरा थांबून सोडतो, चहा सांगितलाय." दोन तासांत साहेबांना गेटवरच्या तिघांची गावं, पोरंबाळं आणि त्यांचं स्वच्छतागृह किती लांब आहे, हे सगळं कळलं होतं.

साहेब आत आले, नमस्कार केला आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले. मग थोडे डावीकडे झुकले, थोडे उजवीकडे. उठले, पुन्हा बसले.

"मॅडम, या खुर्चीवर तुमी कदी बसून बघितलंय का?"

"ती समोरच्या माणसांसाठी आहे."

"म्हनून तर इचारलं."

मला राग आला होता, हे सांगून टाकते. माझ्याच केबिनमध्ये मला उठवून हा अनोळखी माणूस समोर बसवू पाहत होता. पण साहेब उभे राहिले होते, आणि ते ज्या अदबीने उभे होते त्यापुढे नाही म्हणता येईना. मी बसले. खुर्चीचा एक पाय आखूड होता. खिडकीतलं ऊन थेट डोळ्यांत येत होतं, त्यामुळे टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा दिसणंच शक्य नव्हतं. दिसत होता तो फक्त नोटिसांचा ट्रे, बरोबर नाकासमोर. इतकी वर्षं माणसं इथे बसून गप्प का होतात, हे मला त्या एका मिनिटात कळलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची बदलली आणि खिडकीला पडदा लावून घेतला.

"या पत्राची मुदत किती?" टेबलावरच्या नोटिशीकडे बोट दाखवत साहेबांनी विचारलं.

"पंधरा दिवस."

"मंग पंधरा दिस ते ड्रॉवरमधी ऱ्हाऊ द्या. आमी बगतो."

मी नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली. का टाकली, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पहाटे पाचला उघडणारं पाळणाघर काढायचं, असं साहेबांनी ठरवलं. मुलांना सांभाळायला काळेवाडीतल्याच मंदाताई तयार झाल्या. त्यांना पहाटे चारला जाग यायचीच. जागाही नजरेत होती. बस थांबते तिथेच, रस्त्याच्या पलीकडे शब्बीरभाईंचं गॅरेज. त्याच्या वर एक मोठी खोली, तिच्या जिन्याला खाली वेगळं छोटं शटर. शब्बीरभाईंचे वडील शेवटपर्यंत त्या खोलीत राहिले आणि ते गेल्यापासून ती बंदच होती. शब्बीरभाईंनी एका शब्दात जागा देऊ केली. फक्त वडलांच्या नावाची पाटी हवी होती. काळा दगड, सोनेरी अक्षरं. नमुना त्यांच्या मोबाइलमध्ये तयार होता.

साहेब म्हणाले, पाटी न्हाई. शब्बीरभाई म्हणाले, मग जागा नाही. दोन बैठका अशाच झाल्या. तिसऱ्या बैठकीला मीही गेले, कारण ड्रॉवरमधल्या पत्राचे सहाच दिवस उरले होते आणि रेखा ज्या दिवशी कामावर येई त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मला नुसती बघून जात होती. गॅरेजमध्ये एका टायरवर साहेब, दुसऱ्या टायरवर शब्बीरभाई, मध्ये उलट्या डब्यावर चहा.

मी साहेबांवर चिडलेच. "एक पाटी लावली तर काय बिघडतं तुमचं? तुमच्या तत्त्वापायी त्या पोरीची नोकरी जाईल."

साहेबांनी कप खाली ठेवला. "मॅडम, म्या जन्मभर पाट्याच लावल्या. पाटी लागली की देनारा मानूस परत येत न्हाई. त्याला वाटतं, झालं आपलं काम. एका पानपोईला म्या सोताच्या हातानं दगड बसवला. चार वर्सांनी गेलो, तर नळ कोरडा आन दगड चकाचक. मालकाला इचारलं, तर म्हनला, नाव नीट दिसतंय ना?"

"ते खरं असेल साहेब," शब्बीरभाई म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "पण माझे अब्बा ज्या खोलीत राहिले, तिथं त्यांचं नावच नको का? मग ते होते, हे कळणार कसं?"

शब्बीरभाईंचंही खोटं नव्हतं. साहेबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर गॅरेजचा फळा होता. त्यावर खडूने त्या दिवशीच्या गाड्यांचे नंबर, आणि पुढे ऑइल, ब्रेक, क्लच असं लिहिलेलं.

"ह्यो फळा कोन लिवतं?" साहेबांनी विचारलं.

"मीच. रोज सकाळी."

"मंग अब्बांचं नाव बी रोज लिवा की राव."

साहेबांनी तिथल्या तिथे अटी सांगितल्या. जिन्याच्या दाराशी फळा लावायचा. नाव पाहिजे तेवढं मोठं लिहायचं, अगदी पहिल्या ओळीत, पण खडूने. पहिलं मूल यायच्या आधी, म्हणजे पहाटे पाच वाजता, स्वतः येऊन लिहायचं. दुसऱ्या कुणी ते लिहायचं नाही. संध्याकाळी पोरं फळा पुसणार.

"पाच वाजता?"

"बस सव्वापाचला येती."

"रोज?"

"अब्बांची याद रोज येत न्हाई का?"

शब्बीरभाईंनी हातातल्या फडक्याने उगीचच बोटं पुसली. "ठीक आहे साहेब," ते म्हणाले. "पण शटरची चावी माझ्याकडेच राहील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पहाटे पाचला रोज शटर कोण उघडणार, हा प्रश्न आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याला तोवर कुणाचंच नाव मिळालेलं नव्हतं.

पाळणाघर सुरू झालं त्या दिवशी उद्घाटन नाही, हे साहेबांनी सगळ्यांना लेखी कळवलं होतं. पण हाताची सवय जाते कुठे? मी पाचला पोचले तेव्हा मुलांच्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या खुर्च्या एका रांगेत मांडलेल्या होत्या. मधली वीतभर पुढे आणि तिच्यावर टर्किशचा टॉवेल. जमीलाभाभी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "रात्री म्हणाले, काही करणार नाही. आणि पहाटे चारला येऊन हे," त्या म्हणाल्या. रेखाची पिहू आत आली, तिने सगळ्या खुर्च्या पाहिल्या आणि सरळ जाऊन मधल्या खुर्चीत बसली. साहेबांनी तिला रीतसर वाकून नमस्कार केला. मग पिशवीतून कात्री काढली आणि दुधाची पिशवी कापली.

आता कंपनीचा पाठिंबा हवा होता. एकट्या मंदाताईंना बारा मुलं झेपणारी नव्हती. दुसरी बाई कंपनीने द्यावी, असं साहेबांचं म्हणणं. मी फाइल घेऊन आमचे प्लँट हेड देवधर साहेबांकडे गेले. ते म्हणाले, प्रेझेंटेशन पाठवा. तांबोळी साहेबांनी प्रेझेंटेशनऐवजी पत्र पाठवलं: 'विषय: आपण एक शिफ्ट समक्ष बसणेबाबत.' देवधरांना ते आव्हान वाटलं असावं. तीनशे माणसांचा प्लँट चालवणारा गृहस्थ. बारा पोरांना काय भिणार?

पाच वाजून दहा मिनिटांनी ते मंदाताईंना म्हणाले, "एकास बारा. मॅनेजेबल आहे." सहाला त्यांनी मुलांच्या झोपायच्या वेळांचा तक्ता केला. साडेसहाला एक मूल रडायला लागलं आणि पाच मिनिटांत बाकीची अकरा त्याला सामील झाली. पिहूने त्यांचं आयकार्ड चावून त्यावरचा फोटो ओळखू येईनासा केला. साडेसातला मला त्यांचा फोन आला. मागे जो गोंधळ चालला होता त्यात त्यांचा आवाज अगदी बारीक येत होता. "मॅडम, इथे लाइन थांबवायचं बटण कुठे असतं?"

तांबोळी साहेब कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. त्यांनी शिफ्ट संपेपर्यंत देवधरांना उठू दिलं नाही.

दुपारी तीनला देवधर साहेब प्लँटवर आले ते खांद्यावर पेजेचा डाग घेऊन. बसले नाहीत, पाणी मागितलं नाही, आधी सही केली. कंपनीच्या खर्चाने एक नाही, दोन बायका. बस जिन्याच्या दाराशी थांबणार. मग मला म्हणाले, "ती रेखा रोज हे सगळं करून मग आपल्याकडे येते?" मी म्हटलं, हो. मी केबिनमध्ये गेले, ड्रॉवर उघडला आणि मुदतीला दोन दिवस असताना ती नोटीस फाडली. पुढच्या यादीत रेखा कायम झाली.

फळ्याची मात्र नंतर साथच आली. ज्याने काही दिलं त्याने पहाटे पाचला येऊन नाव लिहावं, असं ठरल्यावर खेळणी देणारे, दूध देणारे, पंखा दुरुस्त करणारे सगळे येऊ लागले. आमच्या ताथवड्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी गोष्टींची पुस्तकं घेऊन सात वाजता उगवले, तर मंदाताईंनी त्यांना खडूच दिला नाही. दुसऱ्या दिवशी ते पावणेपाचला हाफ पँटवर हजर. नाव लिहिलं, फोटो काढला, आणि आता आलोच आहोत म्हणून एका पोराला दूध पाजून गेले. साहेबांना हेच हवं होतं. नाव लिहायला आलेला माणूस रिकाम्या हाताने उभा राहत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. देवधर साहेबही महिन्यातून एकदा येत, नाव लिहीत आणि पिहूपासून आयकार्ड लपवीत.

साहेबांचं नाव मात्र त्या फळ्यावर कधी दिसलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आमी लिवून घेनारे. लिवनारे न्हवं." बोलता बोलता त्यांनी शहरातल्या कितीतरी कोनशिला ओळीने म्हणून दाखवल्या. कुणाचं नाव कुठे, कुठल्या दगडात कारागिराची वेलांटी चुकली होती, सगळं. त्यातल्या एकाही दगडावर त्यांचं नाव नव्हतं. अधिकाऱ्याचं नाव घालायची पद्धत नव्हती, असं ते अगदी सहज म्हणाले.

पुढे त्यांच्या छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी जिने बंद केले आणि काळेवाडीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून साहेब आणि भाभी चाकणच्या जुन्या घरी राहायला गेले. काही महिन्यांनी एका सकाळी साहेबांच्या नंबरवरून मेसेज आला. 'विषय: साहेबांबाबत.' मी सवयीने हसले. मग खाली वाचलं. 'संदर्भ: काही नाही. आज पहाटे गेले. आपण यावे.' खाली भाभींचं नाव होतं. मी मोबाइल हातात धरून ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

पण मला ते आठवतात ते काळेवाडी सोडली त्या दिवशीचे. आदल्या दिवशी मला पत्र आलं होतं: 'विषय: अधोस्वाक्षरीकाराच्या अनुपस्थितीत कामकाज चालते किंवा कसे, हे तपासणेबाबत.' भाभी सामानाच्या टेम्पोबरोबर पुढे गेल्या होत्या आणि साहेबांना मी माझ्या गाडीतून चाकणला सोडणार होते. निरोप समारंभ नको, असं त्यांनी बजावलं होतं. पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दोघं पाळणाघराच्या समोर, रस्त्याच्या अलीकडे, एका उभ्या ट्रकच्या आडोशाला गाडीत बसलो.

पाच वाजले. शटर बंद. पाच वाजून दोन मिनिटं झाली. बायका पोरांना घेऊन जमायला लागल्या. शब्बीरभाईंचा पत्ता नाही. मी फोन काढला.

"फोन करायचा न्हाई," साहेब म्हणाले. "आमी न्हाई असं समजा."

त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शटर उघडलं नाही, तर आज बारा बायकांचा खाडा होणार होता. आणि एकदा बंद राहिलेलं पाळणाघर दुसऱ्यांदा सहज बंद राहतं.

पाच वाजून पाच मिनिटांनी गर्दीतून रेखा पुढे आली. पिहूला खाली ठेवलं, कमरेची चावी काढली आणि शटर वर ढकललं. मंदाताई मुलांना घेऊन वर गेल्या. रेखाने खडू घेतला, नाव लिहायला आलेल्या दोघांना दिला. त्यांनी आपापली नावं लिहिली, पण दुसऱ्या ओळीपासून. पहिली ओळ तिने कुणाला लिहू दिली नाही. पाच वाजून बारा मिनिटांनी एका पोराच्या स्कूटरवर मागे बसून शब्बीरभाई आले. कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर. ताप चांगलाच असावा. ते उतरले, मोकळ्या ओळीत वडलांचं नाव लिहिलं, एक काना पुन्हा गिरवला आणि तसेच परत गेले. पाच मिनिटं वाट बघून उघड, असं सांगून चावी त्यांनी आदल्या संध्याकाळी रेखाकडे दिली होती, हे नंतर कळलं. बस आली, बायका चढल्या, बस गेली.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "जरा आलोच," असं म्हणून ते गाडीतून उतरले आणि रस्ता ओलांडून गेले.

मला वाटलं, जिना चढतात की काय. मी दार उघडलं. पण ते फळ्यापाशीच थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग खडू उचलला आणि सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलं: 'इ. म. तांबोळी'. त्याच अक्षरात, समास सोडून. चार पावलं मागे आले आणि दोन्ही हात पाठीशी बांधून बघत उभे राहिले. इतके दगड ज्यांनी बसवले, त्या माणसाला आपलं नाव वाचायला किती वेळ लागावा? पण ते बराच वेळ वाचत होते.

इतक्यात पिहू जिन्यावरून एकेक पायरी बसत बसत खाली आली. हातात पुसायचं फडकं. फळा संध्याकाळी पुसायचा असतो, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. किंवा सांगूनही तिला ते पटलेलं नसावं. ती फळ्यापाशी गेली. तिचा हात खालच्या ओळीपर्यंतच पुरत होता. तिने मान वळवून साहेबांकडे पाहिलं.

"पूस," साहेब म्हणाले.

तिने पुसलं. साहेबांनी हात झटकले, बाहीचं बटण लावलं आणि गाडीत येऊन बसले. मी गाडी सुरू केली आणि काही पाहिलंच नाही असा चेहरा करून समोर बघत राहिले. गाडी चाकणच्या रस्त्याला लागली.

"मॅडम," मग ते म्हणाले, "अक्षर लांबनं वाचता येत व्हतं का?"

"येत होतं," मी म्हटलं.

"मंग झालं," साहेब म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर बघत बसले.